सूर्याचा आकडा

सूर्य दर वर्षी तोच असतो, असं मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. तसं न वाटायला काही कारण नव्हतं. दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दाराशेजारी नमाजच्या वेळांचा कायमचा तक्ता चिकटवलेला होता. बारा महिने, महिन्याचे दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढं सूर्य कधी उगवतो, कधी डोक्यावर येतो, कधी मावळतो ते मिनिटांसकट. मी लग्न होऊन आले तेव्हा तो तक्ता भिंतीवर होता आणि मी दौंड सोडलं तेव्हाही तोच होता. वर्ष बदललं म्हणून कुणी तक्ता बदलला नाही. त्या तक्त्यावर मी रोजे सोडले, नमाज पढली, आणि कधी मिनिटभराची चूक निघाली नाही.

त्या भरवशानं मी पुढं दीड वर्ष वाया घालवलं, त्याची ही हकीकत.

मालक रेल्वेच्या तार-टेलिफोन खात्यात होते. नोकरी सोडून त्यांना एकच नाद होता, शॉर्टवेव्हचा. सरकारची परीक्षा देऊन लायसन काढलेलं, घरात बोलायचा सेट, ऐकायचा सेट आणि पत्र्यावर आडव्या तारा. सुट्टीच्या दिवशी ते परमुलखातल्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचे. काय बोलायचे? आवाज कसा येतोय आणि हवा कशी आहे, एवढंच. मी म्हणायची, हवा बघायला दार उघडलं तरी पुरतं. एकुलता एक पोरगा त्यातच वाढला, त्यानंही लायसन काढलं आणि मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून लागला. नव्वदच्या आसपास त्यानं सिंगापूरहून बापासाठी कॉम्प्युटर आणला.

त्या कॉम्प्युटरवर चित्र नव्हतं की काही नव्हतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि एक छोटी रेघ लुकलुकत राहायची. प्रोग्रामचं नाव टाईप करून मोठं बटण दाबलं की तो इंग्रजीत एकेक प्रश्न विचारायचा. तुम्ही कुठं आहात, समोरचा कुठं आहे, महिना कोणता, तारीख कोणती, आणि शेवटी एक आकडा. उत्तरं दिली की थोडा वेळ घरघर करून चोवीस ओळी काढायचा, दिवसाच्या प्रत्येक तासाला एक. मालकांनी मला एकदा समजावलं होतं. शॉर्टवेव्हचा आवाज वर जातो, आभाळात उंचावर एक थर आहे त्याला धडकतो आणि लांब जाऊन खाली उतरतो. तो थर सूर्य तयार करतो. थर घट्ट असेल तेव्हा वरच्या पट्ट्यातला आवाजही माघारी येतो. पातळ असेल तेव्हा वरचा आवाज आरपार निघून जातो, मग खालच्या पट्ट्यावर यावं लागतं. कोणत्या तासाला कुठपर्यंतचा पट्टा चालेल, ते त्या चोवीस ओळींत असतं.

जहाज आज इथं तर उद्या तिथं. वेळ ठरवायला फोन नाही, पत्राला महिना लागतो. म्हणून बापलेकांनी आणि मिरजेकडच्या एका मास्तरांनी नेम घातला होता. हे मास्तर निवृत्त शिक्षक, मालकांचे रेडिओवरचे जुने दोस्त. तिघांकडं तोच प्रोग्राम. पोरगा कोणत्या बंदरातून कोणत्या बंदरात निघालाय ते त्याच्या पत्रात असायचं, त्यावरून जहाज कुठं असेल ते नकाशावर काढायचं. रविवारी तिघांनी आपापल्या घरी तक्ता काढायचा. उजेडाच्या तासांत ज्या तासाला आकडा सगळ्यात उंच, तो तास धरायचा, आणि त्या उंचीत बसेल तो सगळ्यात वरचा पट्टा. एकवीस मेगाहर्ट्झचा, नाहीतर चौदाचा, नाहीतर सातचा. कुणी कुणाला काही कळवायचं नाही. तिन्ही घरी तक्ता एकच निघणार, म्हणून तिघं त्याच वेळी त्याच जागी भेटणार.

ब्याण्णव साली मालक कामावरच गेले. छातीत कळ आली आणि संपलं. पोरगा तेव्हा ब्राझीलकडं होता. माती त्याच दिवशी द्यावी लागते, कुणासाठी थांबता येत नाही. तो आला तो चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं. दारात बॅग ठेवून तो माझ्या पायाशी वाकला.

मी म्हटलं, "अब्बाला माती देऊन झाली. आता तू काय करायला आलास?"

सगळ्यांसमोर म्हटलं. तो पाणी पिऊन मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

नवरा गेल्यावर इद्दतीचे चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नसतं. क्वार्टर सोडायला रेल्वेनं मुदत दिली होती. पोरगा तेवढे दिवस थांबला. दोघंच घरात, पण बोलणं नाही. मग एका दुपारी त्यानं कॉम्प्युटर चालू केला आणि म्हणाला, बस, शिकवतो. मी चौथी पास. इंग्रजी अक्षरं ओळखत नव्हते, पण प्रश्नांचा क्रम पाठ करता येतो. मालकांनी एका पुठ्ठ्यावर सगळी उत्तरं ओळीनं लिहून ठेवली होती, तीच मी गिरवली. पूर्वेकडच्या जागेला वजा लावायचं, कारण प्रोग्राम लिहिणारा पश्चिमेचा, त्याला आपण उलटे. तास ग्रीनविचचे, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. मालकांचं एक घड्याळ त्याच वेळेवर लावलेलं असायचं, येणाऱ्या बायका म्हणायच्या, भाभी, तुमचं घड्याळ बंद पडलंय. शेवटच्या प्रश्नापुढं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं एकशे चाळीस. हा कसला, म्हणून मी विचारलं. पोरगा म्हणाला, सूर्याचा आकडा. मी मान हलवली. बापानं मला सांगितलं असेल असं त्याला वाटलं असणार.

तीन महिन्यांत आमच्यात जे काही बोलणं झालं ते या प्रोग्रामचं.

इद्दत संपली तसं आम्ही सामान टेंपोत घालून शिरूरला आलो. तिथं माझ्या बापाच्या दोन खोल्या होत्या, भाऊ नव्हता, त्या मला मिळालेल्या. बोलायचा सेट लायसनशिवाय ठेवता येत नाही, तो मास्तर घेऊन गेले. ऐकायचा सेट राहिला. पोरग्यानं गच्चीवर एकवीसच्या पट्ट्याची तार बांधली. दुसरी तार, चौदाची, गुंडाळून माझ्या खाटेखाली सरकवली. म्हणाला, ही लागेल पुढं. जाताना सांगून गेला, "रविवारी मी मास्तरांशी बोलीन. तू ऐक. तुला जबाब देता यायचा न्हाई, पण मी तुझ्यासाठी बोलीन."

आणि पहिलं वर्ष तो बोललाही. मी शिरूर टाकून बघितलं, दौंड टाकून बघितलं, तक्ता दोन्हीचा तोच आला. तेवढ्या अंतराला आभाळ मोजत नाही. रविवारी ठरल्या तासाला सेट लावायची. शेजारी पिठाची गिरणी होती. तिची मोटर चालू असली की सेटमध्ये नुसती खरखर. गिरणीवाले आप्पा मांडवगण फराट्याकडचे, शेतीवाले, तोंडानं तिखट. मी त्यांना वीस मिनिटं मोटर बंद ठेवायला सांगायची.

"भाभी, तुमच्या पेटीपायी गावानं उपाशी ऱ्हायाचं का?" ते दर रविवारी विचारायचे आणि दर रविवारी बंद करायचे. दळण घेऊन आलेल्या बायका ओट्यावर बसून मला नावं ठेवायच्या.

मग आवाज यायचा. खाली-वर होत, समुद्रासारखा. घरात आम्ही दखनी बोलतो, पण सेटवर तो मराठीच बोलायचा, मास्तरांना कळावं म्हणून. जहाज कुठं आहे, स्वयंपाकी केरळचा आहे, सगळ्यात नारळ घालतो. मास्तर त्यांच्याकडून बोलायचे. पोरग्याचं माझ्यापुरतं बोलून झालं की मी सेट बंद करायची. पुढं दोघं इंग्रजीत आकडे बोलायचे, ते ऐकून मला काय करायचं होतं? वीज उगाच जळते.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यापासून आवाज क्षीण होत गेला. एका रविवारी आला, दुसऱ्या रविवारी नाही. पाऊस संपेपर्यंत पार गेला. मी तक्ता नीट काढत होते. महिना बरोबर, तारीख बरोबर, जागा बरोबर, वजा बरोबर. एकशे चाळीस. तक्ता म्हणायचा एकवीस, मी एकवीसवर बसायची. सेटमधून फक्त हवा वाहिल्यासारखा आवाज. वीस मिनिटं ऐकायची, मग आप्पांना हात करायची की चालू करा.

पत्रं मात्र येत होती. दोन-तीन महिन्यांनी एक, चार ओळींचं. रविवारी बोललो, ऐकलंच असशील.

मला वाटलं, खोटं बोलतोय. वाटलं म्हणजे खात्रीच झाली. चाळिसाव्याच्या दारात मी जे बोलले ते त्यानं मनात ठेवलं होतं, वर्षभर बापाच्या नावानं बोलला, आता पुरे झालं असेल. माणसाला पुरे होतं, त्यात नवल नाही. पण न बोलता बोललो लिहायचं, याचा मला राग आला. मास्तरांना विचारता आलं असतं. पण परक्या माणसाला, माझा मुलगा माझ्याशी बोलतो का हो, असं मी विचारणार नव्हते.

एका रविवारी आप्पांनीच गिरणीतून डोकं काढलं. "भाभी, बंद करू ना?"

"नगं. चालू द्या."

"का? पोरगं आलं काय घरी?"

"न्हाई."

त्यांनी परत विचारलं नाही. टोमणाही मारला नाही, ते मला जास्त लागलं. त्यानंतरही मी दर रविवारी तक्ता काढत होते आणि सेट लावत होते. फक्त गिरणी चालू असायची. खरखर असली की ऐकू येत नाही याला कारण तरी मिळतं.

चौऱ्याण्णवमध्ये मी पोराला पत्र लिहिलं. पत्र लांब नव्हतं. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, माझं काही अडलेलं नाही. पण बोललो असं लिहू नकोस. खोटं लिहायला तुला अब्बानं शिकवलेलं नाही. पत्र टाकलं आणि मला हलकं वाटलं, ते खोटं कशाला सांगू.

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. दोन महिने, तीन महिने. थंडी पडली आणि एक दिवस दुपारी मिरजेकडचे मास्तर दारात. एसटीनं आलेले, खांद्याला पिशवी, टोपी हातात. मी त्यांना आवाजावरनं ओळखलं, तोंड त्यांचं दोनदाच पाहिलेलं. पाणी दिलं, चहा ठेवला. ते म्हणाले, पोरानं सांगितलंय, अम्माचा सेट बिघडलाय वाटतं, एकदा बघून या.

सेट उघडायला लागलेच नाहीत. म्हणाले, आधी तुमचा तक्ता बघू. मी कॉम्प्युटर लावला आणि त्यांच्यासमोर एकेक उत्तर भरत गेले. ते मागं उभे राहून बघत होते. एवढी सफाई त्यांना अपेक्षित नव्हती, शाळामास्तर होते, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटचा प्रश्न आला. मी एकशे चाळीस भरलं.

"भाभी, थांबा. हा आकडा कुठला?"

"पुठ्ठ्यावरचा. मालकांनी लिवल्याला."

"ब्याण्णव सालचा?"

"मग? सूर्य काय दुसरा आलाय?"

मास्तर खुर्चीवर बसले. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना मानते. मग त्यांनी सांगितलं. सूर्यावर काळे डाग असतात. काही वर्षं वाढत जातात, मग कमी होत जातात, पुन्हा वाढतात, अकरा वर्षांचा फेरा असतो. डाग जास्त असले की आभाळातला थर घट्ट, कमी झाले की पातळ. मालक गेले तेव्हा डाग भरात होते. तेव्हापासून उतरतच चाललेत. हा आकडा त्या डागांचा, तो महिन्याच्या महिन्याला बदलतो.

"आत्ता किती हाय?" मी विचारलं.

"सत्तावीस."

मी सत्तावीस भरलं. घरघर झाली, चोवीस ओळी आल्या. सगळ्यात उंच ओळसुद्धा एकवीसला पोचत नव्हती. तासही एक पुढं सरकला होता.

"म्हंजी तुम्ही दोघं चौदावर."

"वर्ष-दीड वर्ष झालं, भाभी. तुम्ही चकती कधी फिरवून बघितली न्हाई? तार दुसरी असली तरी थोडंफार ऐकू आलं असतं."

"तक्ता एकवीस म्हणत हुता."

"आकडा तर आम्ही दर रविवारी शेवटी सांगायचो. तो मला विचारायचा, मी सांगायचो."

मी म्हटलं, तवा मी सेट बंद केलेला असायचा. वीज जळते.

चहा उतू गेला होता. मी उठून तो गाळला. परत आले तर मास्तरांनी पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली होती. लायसनवाल्यांना प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवावी लागते. तारीख, वेळ, पट्टा, आवाज कसा होता. सगळं इंग्रजीत, पण शेवटचा रकाना मराठीत होता. मास्तरांचं अक्षर फळ्यावर लिहितात तसं मोठं. मी चष्मा लावला.

भाभींसाठी: डावी दाढ दुखते, लवंग धरतोय.

भाभींसाठी: कुकरची शिट्टी बदलून घ्यावी, जुनी वापरू नये.

भाभींसाठी: ईदला जहाजावर शेवया केल्या, स्वयंपाक्यानं त्यातही नारळ घातला.

पानामागून पान होतं. सगळे रविवार नव्हते, वादळात किंवा बंदरात असला की तो दिवस रिकामा. पण ज्या ज्या रविवारी मी एकवीसवर हवा ऐकत बसले होते, त्यातले बरेच तिथं होते. शेवटच्या पानावर, आठ दिवसांपूर्वीची नोंद होती.

भाभींसाठी: पत्र मिळालं. मी खोटं लिहिलेलं नाही.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मी वही मिटून त्यांच्याकडं सरकवली आणि विचारलं, जेवणार ना? ते म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं जायचंय. मी म्हटलं, जेवूनच जा, आणि आधी तार बांधायची आहे.

खाटेखालचं वेटोळं काढलं. दीड वर्षात मी दर आठवड्याला त्याच्या भोवतीनं झाडून काढलं होतं. मास्तरांना जिना जमेना, म्हणून मी आप्पांना हाक मारली. ते पिठानं पांढरे झालेले तसेच वर चढले. तारेचं एक टोक गच्चीच्या लोखंडी पाइपाला, दुसरं गिरणीच्या पत्र्यावरच्या वाश्याला. वाश्याला बांधताना म्हणाले, "आता गिरणीच बांधून घेतली तुम्ही. भाडं लावू काय?"

"लावा. रविवारचं वीस मिनटाचं वजा करा."

त्या आठवड्यात मी पोराला कार्ड टाकलं. कार्डावर जागा कमी असते, ते बरं. लिहिलं, आकडा चुकीचा होता. चूक माझी. तार बांधली. आता ऐकते. अजून एक ओळ मावली असती. चाळिसाव्याच्या दिवसाबद्दल ती लिहायची होती. मी पेन धरून बसले, मग पत्ता लिहून टाकला.

पुढच्या रविवारी चौदावर सेट लावला. गिरणी बंद. आधी मास्तर आले, मग तो. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला आणि मला पहिलं जाणवलं ते हे, की आवाज जाड झाला होता. बापासारखा. मी ऐकतेय की नाही हे त्याला माहीत नव्हतं, कार्ड अजून वाटेत होतं. मास्तरांनी त्याला आकड्याचं सगळं सांगितलं. तो मग मराठी सोडून एकदम घरातल्या बोलीत म्हणाला, "अम्मा, सुनती क्या?"

मी हो म्हणाले. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ओट्यावर बायका दळणासाठी बसल्या होत्या.

त्यानंतर पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी त्यानं जहाज कुठं आहे ते सांगितलं, स्वयंपाकी बदलल्याचं सांगितलं, आणि म्हणाला, कार्ड मिळालं. एवढंच. पुढं काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली. हवेचा आवाज तेवढा खाली-वर होत राहिला. कार्डात जी ओळ मी लिहिली नाही, ती तो मागत होता की नको म्हणत होता, मला कळलं नाही, अजून कळलेलं नाही.

मग तो मास्तरांशी इंग्रजीत बोलायला लागला. बाहेरून आप्पांनी विचारलं, चालू करू काय. मी म्हटलं, थांबा जरा. त्यानं आकडा विचारला. मास्तरांनी आधी इंग्रजीत सांगितला, मग सावकाश, फळ्यावर लिहिल्यासारखा मराठीत. पंचवीस.

मी पुठ्ठ्यावरचा एकशे चाळीस खोडला. मालकांचं अक्षर होतं, पण आकडा जुना होता. खाली पंचवीस लिहिलं, आणि सेट बंद करून आप्पांना हात केला.